दोन तासांचा काळोख, दहा दिवसांचा काळोख

पत्र:

माझं माहेर दापोली तालुक्यात, किनाऱ्यापासून थोडं आत. घरी आबा आणि आई दोघंच. आबा 76 वर्षांचे, सहा वर्षं इन्शुलिन चालू आहे. आईचे गुडघे धरलेले. मे अर्धा सरला की दिवाळीपर्यंत आमच्याकडे लाईटचा नेम नसतो. रोजचे दोन-तीन तास तर धरूनच चालायचे. पण निसर्ग वादळात 19 दिवस लाईट नव्हती आणि पहिले पाच दिवस आमचा त्यांच्याशी काही संपर्कच नव्हता. ते पाच दिवस मी अजून विसरलेले नाही. यंदा पावसाआधी कायमचा बंदोबस्त करायचा ठरवलाय. भाऊ म्हणतो जनरेटर घेऊ. मला वाटतं छपरावर सोलर बसवावं, सबसिडीही आहे. बाजारातल्या दुकानदाराने दोन बॅटऱ्यांचा मोठा इन्व्हर्टर सांगितलाय, त्यावर म्हणे फ्रीज, टीव्ही, मिक्सर, पंप सगळं चालेल. आबा म्हणतात, "आम्ही कंदिलावर शिकलो, आम्हाला काही नको." आई म्हणाली, "पाणी तेवढं वर चढलं की झालं." घरात तीन पंखे, सात-आठ दिवे, टीव्ही, फ्रीज, वायफाय आणि विहिरीवर एक एचपीचा पंप आहे. पन्नास हजारांपर्यंत खर्च झेपेल. काय घ्यावं?

एक माहेरवाशीण, ठाणे

उत्तर:

ताई,

तुमच्या पत्रात पाच जणांची पाच मतं आहेत आणि त्यात सगळ्यात शहाणं मत तुमच्या आईचं आहे. त्याकडे येतोच. आधी एक गोष्ट वेगळी करून घेऊ. तुमच्या घरी दोन प्रकारचा काळोख होतो आणि तुम्ही दोघांवर एकच औषध शोधताय. एक रोजचा: फांदी तारेवर टेकली, डीओ (खांबावरचा फ्यूज) उडाला, वायरमन येऊन काठीने बसवून गेला, दोन-तीन तासांत लाईट आली. दुसरा निसर्गसारखा, म्हणजे खांबच आडवे. 3 जून 2020 ला ते वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर चढलं आणि मंडणगड-दापोलीत माड-पोफळींबरोबर विजेचे खांब काडेपेटीतल्या काड्यांसारखे पडले. मी तेव्हा लॉकडाऊनचा पास काढून चिपळूणहून त्या बाजूला घरांच्या वायरिंगच्या कामाला महिनाभर फिरत होतो. पहिल्या काळोखाला इन्व्हर्टर पुरतो. दुसऱ्याला कुठलंही यंत्र पुरत नाही, तिथे तयारी लागते.

एका घरात बघितलेलं सांगतो. वाडीत इन्व्हर्टर असलेलं ते एकटंच घर, दोन नव्या बॅटऱ्या. वादळाच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ओटीवर गेलो तर सतरंजीवर ओळीने मोबाईल निजवलेले, मी मोजले, एकतीस. कुणाच्या पाठीला चिंधी बांधलेली, कुणाच्या मागे बॉलपेनने नाव. नेटवर्क एकालाही नव्हतं, पण चार्ज करून ठेवलेला बरा, म्हणून माणसं आणून देत होती. आत टीव्ही चालू होता आणि त्यावर डिश हलल्यामुळे नुसतं "नो सिग्नल". रात्री तीन पंखे. तिसऱ्या दिवशी सकाळी बॅटऱ्या बसल्या, आणि पुढचे पंधरा दिवस त्या घरात आणि शेजारच्या घरात काळोखाच्या बाबतीत काही फरक राहिला नाही. मोबाईलमुळे बॅटऱ्या बसल्या नाहीत बरं का, एकतीस मोबाईल मिळून एका पंख्याच्या रात्रीएवढंच खातात. पंखे आणि टीव्हीने बसल्या. पण घरच्यांनी दोष मोबाईलवाल्यांना दिला आणि त्यावरून वाडीत वर्षभर अबोला चालला.

आता आकडा समजून घ्या, म्हणजे दुकानदाराशी बोलता येईल. बाजारात सरसकट मिळते ती 150 एएचची, म्हणजे अँपिअर-तासांची, बॅटरी. 150 गुणिले 12 व्होल्ट म्हणजे 1800 वॉट-तास, असं कागदावर. पण तो आकडा बॅटरी वीस तासांत सावकाश रिकामी केली तरचा. भराभर ओढलं की कमी मिळतं, शिवाय तळ खरवडायचा नसतो आणि इन्व्हर्टर स्वतःही खातो. हाती येतात हजार-अकराशे. म्हणजे एक युनिट. महावितरणच्या बिलात ज्याचे काही रुपये पडतात, ते एक युनिट घरात साठवून ठेवायला आपण पंधरा-वीस हजारांची, साठेक किलो वजनाची पेटी आणतो. हे एकदा डोक्यात बसलं की "सगळं चालेल" या शब्दाची किंमत कळते.

तुमचा एक एचपीचा पंप चालताना हजारेक वॉट ओढतो आणि सुरू होताना क्षणभर त्याच्या चार-पाच पट. दोन बॅटऱ्यांचा इन्व्हर्टर एक तर तिथेच ओव्हरलोड म्हणून बोंब मारेल, नाहीतर पंप चालवून अर्ध्या तासात पाव बॅटऱ्या खाऊन टाकेल. फ्रीज दिवसाला अर्धं-पाऊण युनिट घेतो, म्हणजे एक अख्खी बॅटरी दीड-दोन दिवसांत एकटा फस्त करतो. दुकानदार खोटं बोलला असं मी म्हणत नाही. चालेल म्हणाला, किती वेळ चालेल ते तुम्ही विचारलं नाहीत.

तर रोजच्या काळोखासाठी: साइन वेव्हचा (महावितरणसारखीच वीज देणारा) 900 ते 1100 व्हीएचा इन्व्हर्टर, 150 एएचची एकच उंच ट्युब्युलर बॅटरी. स्क्वेअर वेव्हवाला दीड-दोन हजारांनी स्वस्त मिळतो, घेऊ नका. त्यावर पंखे घरघरतात आणि नाजूक वस्तू जळतात. बाकी इन्व्हर्टर कुठल्या कंपनीचा, यावर मला फारसं बोलायचं नाही. दापोलीत ज्याचा मेकॅनिक पावसात मोटारसायकलवरून घरी येतो, ती कंपनी चांगली.

लिथियमचंही कुणी सांगेल. हलकी असते, पाणी घालावं लागत नाही, जास्त वर्षं टिकते, भरतेही लवकर. पैसे जास्त पडतात आणि इन्व्हर्टर तिला चालेल असाच लागतो. तुमच्या पन्नास हजारांत बसवली तर बाकीच्या कामांना काही उरणार नाही. पुढच्या बॅटरीच्या वेळी विचार करा.

आणि पंखे बदला. तिन्ही नकोत, आई-आबा निजतात तिथला आणि माजघरातला, दोनच. जुना पंखा 75 वॉटचा, कमी वीज खाणारा, रिमोटवर चालणारा नवा बीएलडीसी पंखा 30 वॉटच्या आसपास. हिशोब करून दाखवतो. दोन जुने पंखे, चार दिवे, वायफाय आणि एखादा मोबाईल मिळून सव्वादोनशे वॉट होतात, बॅटरी साडेचार तासांत खाली. तेच दोन नवे पंखे लावले तर सव्वाशे-एकशेतीस, म्हणजे आठ तास, अख्खी रात्र. सहा-सात हजारांत दुसरी बॅटरी विकत घेतल्यासारखं झालं, आणि या बॅटरीला पाणीही घालायला नको. एकच करा: त्या पंख्यांचे जुने रेग्युलेटर वायरमनला काढायला लावा, नाहीतर पंख्यातलं सर्किट जातं. आणि रिमोट सुतळीने भिंतीवरच्या खिळ्याला बांधून टाका. हे मी गमतीने सांगत नाही. म्हाताऱ्या माणसांच्या घरी बीएलडीसी पंख्याची निम्मी तक्रार ही रिमोट सापडत नाही हीच असते.

इन्व्हर्टरची लाईन वेगळी ओढून घ्या. पंप, फ्रीज, मिक्सर, गिझर यांचे बोर्ड तिच्यावर नकोत. परवानाधारक वायरमन लावा, दुकानातल्या पोऱ्याने दोन वायरी जोडून दिल्या असं नको. काम झाल्यावर जे खटके इन्व्हर्टरवर आहेत त्या प्रत्येकावर लाल नेलपॉलिशचा एक ठिपका द्या. मी माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांकडे देतो. बायको विचारायची, तुमच्या हत्यारांच्या पिशवीत ही बाटली कुणाची? ठिपका असला की लाईट गेल्यावर आईला विचार करावा लागत नाही. इन्व्हर्टर टीं-टीं करायला लागला तर ठिपक्याचा एकेक खटका बंद करत जायचं, इतकंच शिकवायचं.

बॅटरी ठेवायची कुठे, यावर लोक सगळ्यात कमी विचार करतात. तिच्यात गंधकाचं आम्ल असतं आणि भरताना हायड्रोजन सुटतो. कोकणातल्या घरात माजघराचा रिकामा कोपरा म्हणजे बहुधा देव्हाऱ्याशेजारचा, आणि तिथे सकाळ-संध्याकाळ निरांजन. तिथे नको. निजायच्या खोलीतही नको. मागच्या पडवीत, पावसाची झड येणार नाही अशा भिंतीला, हवा खेळती असेल तिथे ठेवा. जमिनीपासून वर ठेवा. हे मी शिकलो 22 जुलै 2021 ला, चिपळूणच्या पुरात. माझी स्वतःची बॅटरी चाकांच्या ट्रॉलीवर जमिनीलगत होती. दुसऱ्यांना सल्ले देणारा मी, दोन दिवसांनी चिखलातून ती ट्रॉली ओढून काढत होतो. तुमच्याकडे पूर येणार नाही, पण पडवीत पाणी शिरतं, उंदीर शिरतात, ओली छत्री टेकवली जाते. चार चिऱ्यांवर कडप्पा टाका, झालं.

पाणी डिस्टिल्डच घालायचं. तुमच्या विहिरीचं पाणी कितीही गोड असलं तरी बॅटरीला ते विष. त्यातले क्षार आणि लोह प्लेटांवर बसतात. दर दोन-तीन महिन्यांनी बोंडांवरचे तरंगते दांडे बघायचे, खाली गेले असले तर पाणी, खुणेच्या वर नाही. वायरी जोडलेल्या टोकांवर पांढरी-हिरवी बुरशी धरली असली तर इन्व्हर्टर बंद करून पुसायची आणि व्हॅसलीनचा हात फिरवायचा. आणि बॅटरी रिकामी पडू द्यायची नाही. बसलेली बॅटरी आठवडा-दोन आठवडे तशीच राहिली की ती पुन्हा पुरती भरत नाही. रिकामी झालेली भरायला दहा-बारा तास सलग लाईट लागते. मधे तीन तास येऊन गेली, त्यातही व्होल्टेज 170, तर भरली असं धरू नका.

भावाच्या जनरेटरबद्दल. मी जनरेटरच्या विरुद्ध नाही, पण तुमच्या आई-आबांच्या घरी नाही. दोरी ओढून तो सुरू करायला खांद्यात जोर लागतो. पेट्रोल सहा महिने पडून राहिलं की कार्ब्युरेटरमध्ये चिकटा धरतो, आणि वर्षातून एकदा गरज लागते त्याच दिवशी तो सुरू होत नाही. दर महिन्याला पंधरा मिनिटं चालवला तरच तो भरवशाचा. मोठ्या वादळात रस्ते बंद, पेट्रोल पंपावर लाईट नाही, तेव्हा इंधन कुठून आणाल? आणि पावसात भिजू नये म्हणून माणसं तो कुठे ठेवतात, तर पडवीत. त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साईड असतो, त्याला वास नसतो, रंग नसतो. निजलेली माणसं उठत नाहीत. जनरेटर उघड्यावर, दारं-खिडक्यांपासून निदान वीस फूट लांब, तोंड घराच्या उलट बाजूला. पडवी म्हणजे उघडी जागा नव्हे. गोठाही नव्हे.

पण भाऊ ऐकणारच नसेल तर त्याला एक गोष्ट माझ्या नावाने सांगा. जनरेटर घराला जोडायला दोन्ही टोकांना पिन असलेली वायर करतात, एक टोक जनरेटरमध्ये, दुसरं भिंतीच्या सॉकेटमध्ये, की सगळ्या घरात लाईट. ही वायर मी चार घरांत तरी पाहिली आहे आणि चारही ठिकाणी कापून टाकली आहे, घरमालकाला विचारलंही नाही. कारण मेन स्विच पाडायचा राहिला तर तुमच्या घरातली 230 व्होल्टची वीज मीटरमधून मागे निघते, डीपीवर, म्हणजे वाडीच्या ट्रान्सफॉर्मरवर जाते, आणि तो उलटा चालायला लागतो. पलीकडच्या तारांत 11,000 व्होल्ट. त्या तारांवर, लाईन बंद आहे म्हणून, महावितरणचा माणूस चढलेला असतो. तुमची लाईट आणायला आलेला. जनरेटर जोडायचा तर चेंजओव्हर स्विच पाहिजे, जो एका वेळी एकच बाजू देतो: एक तर महावितरण, नाहीतर जनरेटर, दोन्ही कधीच नाही. इन्व्हर्टर हे काम आतल्या आत स्वतः करतो, म्हणून त्याची तेवढी भीती नाही.

याच कारणाने, वादळानंतर खाली पडलेल्या तारेला "लाईटच नाहीये, काय होतंय" म्हणून कुणी हात लावायचा नाही. कुणाच्या घरी जनरेटर चालू आहे हे तुम्हाला माहीत नसतं. 1912 ला फोन करायचा, तो लागत नसला तर वायरमनला माणूस धाडायचा, आणि तोवर गुरांना त्या बाजूला सोडायचं नाही.

तुमचं सोलर. पीएम सूर्यघर योजना 2024 मध्ये आली, तीन किलोवॉटला 78,000 रुपयांपर्यंत सबसिडी मिळते, बिल कमी होतं, सगळं खरं. पण छपरावर सहसा बसतं ते ऑन-ग्रिड, म्हणजे महावितरणच्या लाईनला जोडलेलं सोलर, आणि लाईट गेली की ते बंद पडतं. भर दुपारी, डोक्यावर ऊन, छपरावर पॅनेल, आणि घरात पंखा बंद. बिघाड नाही तो, मुद्दाम तसं केलेलं असतं, वरच्याच कारणाने: खांबावरच्या माणसाच्या अंगात तुमची वीज जाऊ नये. लाईट नसताना चालायला हायब्रिड इन्व्हर्टर आणि त्याला बॅटरी लागते, मग तो तुमच्या बजेटबाहेर जातो. आणि तुम्हाला गरज कधी, तर जून-जुलैत. त्या दिवसांत आपल्याकडे सूर्य कधी दिसतो ते तुम्ही माहेरवाशीण आहात, तुम्हाला मी काय सांगू.

सोलरचा एक छोटा तुकडा मात्र घ्यावा असं मला वाटतं. दीडशे वॉटच्या आसपासचं एक पॅनेल आणि एक चार्ज कंट्रोलर, याच 12 व्होल्टच्या बॅटरीला जोडलेला. चांगल्या उन्हात दिवसाला अर्धं युनिट, पावसाळी हवेत त्याच्या चौथाई. चौथाईत दोन दिवे आणि मोबाईल निघतात, आणि मुख्य म्हणजे बॅटरी मरत नाही. पॅनेल नटबोल्टवर बसवा, वादळाचा इशारा आला की दोन माणसांनी उतरवून पडवीत उभं करता येईल असं.

आता आईचं पाणी. ठाण्यात लाईट गेली की माणूस पंखा शोधतो, आपल्याकडे बाई टाकीकडे बघते. निसर्गनंतर त्या गावांत रहाट गेलेल्या घरांचे जे हाल झाले ते काळोखामुळे नव्हते. भाड्याचा एक जनरेटर टेम्पोत घालून वाडीतून फिरत होता, प्रत्येक विहिरीवर अर्धा तास, आणि त्याच्या मागे हंडे-कळश्यांची रांग. विहिरीत पाणी भरपूर, तेही बारा फुटांवर, पण काढायचं कशाने? पोहरा नाही, दोर कुजलेला, रहाटाच्या खांबावर दोडक्याचा वेल.

म्हणून बॅटरीपेक्षा आधी टाकी. तुमच्याकडे आहे तिला हजार लिटरची दुसरी जोडा. जपून वापरलं तर दोन माणसांना दिवसाला दीड-दोनशे लिटर पुरतं. दोन टाक्या भरलेल्या असल्या तर आठ-दहा दिवस पंपाची आठवण नको. वादळाच्या इशाऱ्याच्या दिवशी सकाळी टाक्या, हंडे, न्हाणीतला हौद, सगळं काठोकाठ. भरलेली टाकी वाऱ्याला दादही देत नाही, रिकामी उडते. पंपाला टाकी भरल्यावर आपोआप बंद होणारा स्टार्टर बसवलात तर त्यात कमी व्होल्टेजला पंप सुरूच होऊ न देणारी सोय आहे ना ते बघा. आपल्याकडे रात्री 160-170 व्होल्ट असतात, मोटर नुसती गुणगुणत बसते आणि वाइंडिंग जळतं. आणि विहिरीवर लोखंडी कप्पी, नायलॉनचा दोर, एक पोहरा. हजार-दीड हजारांत होतं. आईचे गुडघे तिला ओढू देणार नाहीत, पण शेजारचा मुलगा दोन कळश्या काढून देईल. कप्पीच नसली तर तोही काय करणार.

इन्शुलिनचं डॉक्टरांना विचारून नक्की करा, माझं क्षेत्र ते नव्हे. मला ठाऊक आहे ते इतकं: उघडून वापरात असलेली कुपी किंवा पेन बहुतेक प्रकारांत 30 अंशांच्या आत घरात साधारण चार आठवडे चालतं, न उघडलेलं मात्र फ्रीजमध्ये लागतं. तेव्हा मे ते जुलै तीन-तीन महिन्यांचा साठा करू नका, महिन्याभराचाच ठेवा, म्हणजे फ्रीज बंद पडला तरी फार जाणार नाही. माठात ठेवायची युक्ती देशावर छान चालते, कारण तिथे हवा कोरडी. आपल्या दमट हवेत माठ तितका गार होत नाही, तरी पत्र्याच्या कपाटापेक्षा बरा. लाईट गेल्यावर फ्रीज न उघडता ठेवला तर चारेक तास गारवा टिकतो. बर्फात मात्र थेट घालायचं नाही, गोठलेलं इन्शुलिन फुकट जातं.

लाईट आल्यावर लगेच फ्रीज-टीव्ही लावायचे नाहीत. येताना ती कधी 270 ने येते, कधी दोनदा येऊन-जाऊन मग स्थिरावते. गेली की प्लग काढायचे, आल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी लावायचे. वीज कडाडायला लागली की खटका पाडून भागत नाही, प्लगच ओढायचा, डिशची वायरही. अर्थिंग एकदा तपासून घ्या. जांभ्यात अर्थिंग मुळातच कच्चं लागतं आणि मेमध्ये खड्डा कोरडा पडला की असून नसल्यासारखं.

मोठ्या काळोखात इन्व्हर्टर दिवसा बटणावरूनच बंद ठेवायचा. काहीही चालू नसताना तोसुद्धा दहा-वीस वॉट पिऊन जातो, तीन दिवसांत अख्खी बॅटरी. संध्याकाळी सात ते नऊ चालू, दोन दिवे, जेवणं, मोबाईल, बंद. असं केलं तर रात्रभराची बॅटरी आठवडाभर पुरते. पंखा नाही. मला माहीत आहे जूनमध्ये पंख्याशिवाय झोप लागत नाही. दारं उघडी टाकून ओटीवर निजायचं, मच्छरदाणी लावून.

आणि आता ते पाच दिवस. ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. तुम्ही बॅकअप विचारताय तो विजेचा, पण तुम्हाला हवी होती ती खबर. तिला इन्व्हर्टर उपयोगी नाही. आबांचा मोबाईल शंभर टक्के चार्ज असला तरी टॉवरची बॅटरी आणि डिझेल काही तासांत संपतं, मग दोन्हीकडे नुसती रिंग न वाजणारी शांतता. वायफायचंही तेच, तुमच्या घरचा डबा चालू असून पुढे लाईन मेली तर काय? तेव्हा माणसांची लाईन टाका. वाडीतला दूधवाला, एसटीचा ड्रायव्हर, दापोलीच्या बाजारात रोज जाणारा कुणी, दोन माणसं ठरवून ठेवा. त्यांच्याकडे तुमचा आणि भावाचा नंबर कागदावर, प्लॅस्टिकच्या पिशवीत. ठरवायचं असं की वादळानंतर जिथे पहिली रेंज मिळेल तिथून त्यांनी "दोघं ठीक" एवढा एक मेसेज करायचा. मेसेजच, फोन नाही, कारण एका काडीवर फोन लागत नाही पण मेसेज सुटतो. त्यांना दिवाळीला काही द्या. घरात सेलवर चालणारा ट्रान्झिस्टर ठेवा, आकाशवाणी रत्नागिरी लागते का ते आत्ताच बघून. हवामानाचा इशारा, रस्ता कुठे खुला झाला, हे त्यातून कळतं. दहा हजार एमएएचची एक पॉवरबँक पुरे. तिच्यावर पाच हजार एमएएच बॅटरीचा फोन जेमतेम सव्वा-दीड वेळा भरतो, दोन वेळा भरतो असं खोक्यावर लिहिलं असेल तरी.

आबांचं राहिलं. "आम्ही कंदिलावर शिकलो" म्हणणारा माणूस नको म्हणत नाहीये. त्याला न विचारता ठाण्यात बसून ठरवताय, हे त्याला टोचतंय. (माझ्या मुलाने मला गॅस गिझर परस्पर पाठवला होता, तो अजून खोक्यात आहे.) त्यांना कामाला लावा. बॅटरीचं पाणी त्यांच्याकडे, तारखा भिंतीवरच्या कालनिर्णयवर त्यांच्या अक्षरात. दर महिन्याच्या एक तारखेला मेन पाडून इन्व्हर्टर चालतो का ते बघायचं, तेही त्यांनीच. कंदीलही राहू द्या. रॉकेल मिळणं मुश्कील झालंय, पण काच पुसून वात कापून ठेवलेला कंदील घरात असला तर आबांच्या जिवाला बरं वाटेल. त्याच्याशेजारी बॅटरीवाले दोन एलईडी दिवे ठेवा, लाईट जाताक्षणी आपोआप लागणारे. त्यांना इन्व्हर्टरही लागत नाही.

पैशांचा अंदाज: इन्व्हर्टर आणि बॅटरी बावीस ते सव्वीस हजार, दोन पंखे सहा-सात, वायरिंग तीन-चार, टाकी आणि कप्पी मिळून आठ-नऊ. पॅनेल यंदा जमलं नाही तर पुढच्या वर्षी. बॅटरीच्या वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का आणि तारीख समोर घालून घ्या, नंतर कुणी घालत नाही.

हे सगळं मेच्या सुट्टीत जाल तेव्हा करा आणि निघायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी साडेसहाला, कुणाला न सांगता, मेन स्विच पाडा. सकाळपर्यंत लावू नका. जेवण, भांडी, आबांचं रात्रीचं इंजेक्शन, सगळं तसंच होऊ द्या. तुम्ही नुसत्या बसून बघा, आई काळोखात आधी कुठे जाते, काय चाचपते. ते दोन एलईडी दिवे त्याच दोन जागी लावून मग ठाण्याची गाडी धरा.